केना

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कढीपत्त्याच्या कुंडीत पावसाळ्यात केना उगवला. मी उपटला, पंधरवड्यात पुन्हा हजर. मातीत राहिलेल्या कांडाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात. शिवाय जमिनीखाली त्याला न उघडणारी फुलं येतात, त्यांतही बी धरतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअप म्हणतो, तो याहून वेगळा नाही.

वरची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढा वेळ मी कॉलवर असतो. याच्या प्रजातीला कोमेलिन घराण्याचं नाव आहे; लिनिअसने ते असं उलगडलं: दोन ठळक पाकळ्या म्हणजे दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, तिसरी बारीक पाकळी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच गेलेला तिसरा.

गेल्या वर्षी शेत विकलं आणि आई माझ्याकडे राहायला आली. गावाचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. विकायचा आग्रह माझाच होता.

दुसऱ्यांदा उपटायला वाकलो तेव्हा ती म्हणाली, "राहू दे रे. जन्मभर खुरपलाय मी तो."

रविवारी तिने त्याच्याच पानांची भजी तळली. पानं खुडताना फुलाची टोकं तेवढी तिने राखली होती.