भरलेल्या दातांवरची तार

मुलीच्या दातांना तार लावायची म्हटलं की आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास येतात. एक पैशाचा, दुसरा दीनचा. आमच्याकडे तिसराही आला. थोरलीच्या पुढच्या एका दाताचा तुकडा लहानपणी पडून तुटला होता, तिथं दाताच्या रंगाचं सिमेंट लावलेलं. एका दाढेत चांदी भरलेली. यावर ब्रॅकेट चिकटणार का?

सोलापुरातल्याच एका ठिकाणी सांगितलं, 'भरलेल्या दातांवर काही टिकत नाही, नाद सोडा.' पोरीनं ते मनाला लावून घेतलं. ती आधीच हसताना तोंडावर ओढणी धरायची.

दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. दात सरकतो तो मुळाभोवतीच्या हाडामुळे. तारेच्या ओढीनं एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. वर चांदी आहे की सिमेंट, याच्याशी त्या सरकण्याचा संबंध नाही. अडचण फक्त चिकटवण्याची आहे.

नैसर्गिक दातावर साधारण ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात. दाताच्या वरच्या थरात बारीक खाचा पडतात, त्यांत चिकटद्रव्य शिरतं आणि निळ्या प्रकाशानं घट्ट होतं. आम्लानं दात खरबरीत करून चिकटवण्याची ही कल्पना १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्यानं मांडली. पण त्या आम्लानं चांदीवर खाचा पडत नाहीत आणि जुन्या सिमेंटवरही हवी तशी पकड मिळत नाही. म्हणून तिथं पृष्ठभाग बारीक बरनं किंवा वाळूसारख्या कणांच्या फवाऱ्यानं खरवडतात, मग त्या त्या पदार्थाला चालेल असा प्रायमर लावतात. चिनी मातीची कॅप असेल तर वेगळंच, जास्त जहाल आम्ल लागतं, आणि हिरड्या झाकूनच ते लावावं लागतं.

आमच्या दाढेतली चांदी चावायच्या बाजूला होती. ब्रॅकेट बसतं गालाच्या बाजूला, म्हणजे तिथं मूळचाच दात. आठ दिवस जिची काळजी केली ती दाढ मुळात प्रश्नातच नव्हती! पुढच्या दाताचं सिमेंट मात्र कडेनं सुटलेलं निघालं. डॉक्टरांनी आधी ते बदललं, मगच ब्रॅकेट लावलं. तार काढताना हे सिमेंट थोडं उखडू शकतं, पुन्हा भरावं लागेल, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

राहिला दीनचा प्रश्न. अम्मी म्हणाल्या, "अल्ला दिये सो दाताँ हैं, तार कायकू?" त्यांच्या मनात ती हदीस होती, सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या बायकांबद्दलची. मी मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, नुसत्या नटण्यासाठी बदल करणं वेगळं, दोष किंवा त्रास दूर करणं वेगळं. दात वेडेवाकडे असतील, घास नीट चावता येत नसेल, तर तो इलाज आहे. आणि सहज न निघणाऱ्या तारेमुळे वुजू-गुस्लला बाधा येत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र कुठल्याच मौलवीकडं सुटत नाही. "मुलीच्या दातांवर एवढा खर्च?" असं एका नातेवाइकानं विचारलं. मुलाच्या मोटारसायकलीला असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आम्ही हप्ते बांधून घेतले.

आता घरात कडक भाकरी तिला बंद आहे. अम्मीच शोरब्यात भाकरी कुस्करून देतात. नळी चोखायची नाही, शेंगाची चटणी खाल्ली की लगेच ब्रश.

तुमच्या घरी कुणाला तार लावायची असेल तर कुठला दात कधी आणि कशानं भरला, त्याचा कागद किंवा एक्स-रे सोबत न्या. आणि 'होत नाही' असं कुणी म्हणालं, तर का होत नाही, हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.