केचिकानची दशमी

वारी चुकली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लिहायला मोकळा. बेचाळीस वर्षे पायी चाललो. गुडघ्यांनी नकार दिल्यावर तीन वर्षे दिंडीच्या ट्रकमध्ये सामानाबरोबर बसून गेलो. आणि गेल्या आषाढात, दशमीला ज्या वेळी वाखरीहून पालख्या पंढरीत शिरायच्या, त्या वेळी मी अलास्काकडे निघालेल्या एका भल्यामोठ्या जहाजावर गादीवर झोपलो होतो.

मुलगा सिएटलला असतो. तिथून सात दिवसांची ही जलयात्रा निघते. तिकिटे काढताना त्याने सुट्ट्या पाहिल्या, पंचांग पाहिले नाही. मला कळले तेव्हा पैसे भरून झाले होते. मी रागावलो नाही. रागवायला लागणारा आवाजही आता उरलेला नाही. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर वीणा खुंटीला लागली, ती लागलीच.

सकाळी जहाज केचिकान या गावाला लागले. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीत बसलेले गाव. आमचे जहाज धक्क्याला उभे राहिले तेव्हा गावातली सगळी घरे आमच्या पायाखाली आल्यासारखी दिसू लागली. पाऊस होता. तिथे तो असतोच, वर्षाला साधारण दीडशे इंच. धक्क्याजवळ एक उंच फलक आहे, त्यावर पावसाचे माप लिहिलेले; 1949 साली दोनशे दोन इंचांवर पडला होता म्हणे. आपल्याकडे गावकरी जसा ग्रामदैवताचा कौल सांगतात तशा कौतुकाने तिथले लोक हा आकडा सांगतात. पाऊस मात्र आपल्यासारखा नाही. दिवेघाटात येतो तसा तो अंगावर धावून येत नाही. न बोलता, न थांबता झिरपत राहतो, डोंगरातली देवदाराची झाडे धुक्यात अर्धी दिसतात, अर्धी नाही.

मुलगा, सूनबाई आणि नातू पिवळे रेनकोट घालून तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव खांब पाहायला गेले. "आजोबा, ओढ्यात सामन मासे उलटे पोहत येतात, जन्मले तिथेच परत!" नातू जाताना सांगून गेला. जुन्या सवयीने मनात लगेच दृष्टांत जुळवू लागलो. मग हसू आले आणि सोडून दिला. समोर श्रोते नसताना दृष्टांताचे काय करायचे?

जहाज रिकामे झाले. एरवी जिथे ताटे घेऊन माणसांची रांग असते, तिथे दोन-चार म्हातारे पत्ते खेळत होते. तरणतलावावर पाऊस पडत होता, त्यात कोणी नव्हते. मी खोलीत येऊन उपवासाचा हिशेब करीत बसलो. तिकडचे घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे. इथे दुपारचा एक वाजेल तेव्हा पंढरपुरात पहाटेचे अडीच, म्हणजे महापूजेची वेळ. मग माझी एकादशी कोणती? शास्त्राने पाहावे तर तिथी ठरते सूर्योदयावर, तोही आपण जिथे आहोत तिथला. तो व्हायचा दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास. शास्त्र असे, आणि मन तिकडे चंद्रभागेच्या वाळवंटात. शेवटी दोन्ही दिवस धरले. शास्त्रही राहिले, मनही राहिले, पोट तेवढे कुरकुरले.

अकराच्या सुमारास खोली आवरायला रोजचा मुलगा आला. पहिल्या दिवशीच त्याने आडनाव वाचून "बाबा, मराठी ना?" विचारले होते. गुहागर तालुक्यातला. माझे न हललेले ताट पाहून म्हणाला, "उपास?" मी मान हलवली. "उद्या आषाढी ना. आई फोनवर बोलली." थोड्या वेळाने त्याने कुठूनसे भाजलेले बटाटे, शेंगदाणे आणि केळी आणली.

मी विचारले, घरी वारी आहे का. तो म्हणाला, "आषाढीला आमच्यातलं कोण जाणार बाबा? भाताची लावणी असते. आजोबा कार्तिकी करायचे. मी सहा वर्षं तीही नाही पाहिली." चादर घडी करता करता तो थांबला. "एक विचारू? तुम्ही कीर्तनकार होता ना. आईनं माळ घातली होती. इथं लोकांच्या खोलीतली मासामटणाची ताटं उचलावी लागतात. म्हणून पहिल्याच वर्षी काढून डबीत ठेवली. आई विचारते, आहे ना गळ्यात, मी हो म्हणतो."

माउली, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे चाळीस वर्षे तयार होते. माळेचे नियम, त्यांना आधार, वर एखादा टोमणा. आणि तो टोमणाच त्या क्षणी आठवला.

आमच्या दिंडीत एक गृहस्थ होते. निष्ठावंत, टाळाला पक्के. एका वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी ते परदेशी गेले आणि आषाढी चुकली. परत आल्यावर गावच्या सप्ताहात माझ्या कीर्तनाला पुढेच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहत म्हणालो, "काहींना चंद्रभागेपेक्षा समुद्राचे पाणी गोड लागते." मंडप हसला. तेही हसले. त्यानंतर ते माझ्या कीर्तनाला पुढे कधी बसले नाहीत. मागे, खांबाजवळ बसत. मला ते दिसत होते. कीर्तन संपल्यावर उठून त्यांच्यापर्यंत चार पावले जायला मला अकरा वर्षांत वेळ झाला नाही, आणि मग ते गेले. त्याच सप्ताहात, आदल्या रात्री, मी अरणच्या सावतोबांचे आख्यान लावले होते. मळा सोडून जे पंढरीला गेले नाहीत, ज्यांच्या भेटीला आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते, ते सावतोबा. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने, एका दिवसाच्या अंतराने सांगितल्या.

मुलगा चादर हातात धरून उभा होता.

"तू खातोस का?" मी विचारले.

"नाही बाबा. एकदाही नाही."

"मग घाल. आणि आईला खरे सांग."

एवढेच म्हणालो. घसा तेवढ्यावरच बसला. बरे झाले, नाहीतर सवयीने आणखी काही बोललो असतो.

बंदरात फोनला रेंज होती. एक वाजता मी महापूजेचे थेट प्रक्षेपण लावले. चित्र थांबत होते, चालत होते. दुधाची धार निघाली आणि गाभाऱ्यात मध्येच सगळे गोठले. देव तेवढा नेहमीसारखाच उभा. मुलगा झाडलोटीची गाडी दारात आडवी लावून चौकटीबाहेर उभा राहिला. आत ये म्हटले तर म्हणाला, प्रवाशाच्या खोलीत बसायची परवानगी नसते. मग मीच उठून दारात गेलो आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. पाच-सात मिनिटे झाली असतील. त्याच्या कमरेचा वायरलेस खरखरला, आणि तो गाडी ढकलत पुढच्या खोलीकडे गेला.

संध्याकाळी नातू भिजून आला. मासे दिसले नाहीत म्हणून हिरमुसला होता. जहाज निघाले तेव्हाही पाऊस पडतच होता, आणि रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता.

भारतात परतल्यावर त्या गृहस्थांच्या घरी गेलो. आता थोरला मुलगा घर पाहतो. त्याने पाट मांडला, चहा केला. मी जे सांगायचे ते सांगितले. आवाज लहान, त्यामुळे त्याला दोनदा वाकून ऐकावे लागले. तो म्हणाला, "अण्णा घरी कधी काही बोलले नाहीत, महाराज." मग त्याने कोनाड्यातले त्यांचे टाळ काढून दाखवले. दोरी कुजली होती. मी ते घरी आणले, नवी दोरी ओवली आणि परत नेऊन दिले.