तीस सप्टेंबरचा पट आणि एक किराणा दुकान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता, शाळा नुकतीच सुरू झाली होती. दुपारी शाळेतून येऊन मी यादी करत बसले होते: उद्या कोणत्या मोहल्ल्यात जायचं, कोणाच्या घरी सहा वर्षांचं मूल आहे, कोणाचं मूल इंग्रजी शाळेत जायच्या बेतात आहे. तेवढ्यात अमेरिकेहून धाकट्या भावाचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तो म्हणाला, "आपा, एक फॉर्म पाठवतो, भरून टाका. आमच्या गावात एक किराणा दुकान यायला पाहिजे."

मला हसूच आलं. किराणा दुकानासाठी अर्ज? आमच्याकडे ज्याला दुकान टाकायचं तो टाकतो, चाललं तर चाललं. पण तो गंभीर होता.

भाऊ तेव्हा इथाका नावाच्या गावात होता. न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटं गाव, वस्ती तीस-बत्तीस हजारांची. खाली कयुगा सरोवर आणि वर टेकडीवर १८६५ साली स्थापन झालेलं कॉर्नेल विद्यापीठ. एकट्या विद्यापीठातच वीस हजारांवर विद्यार्थी. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकून तो तिथे संशोधनाला गेला होता. फेलोशिप घरभाड्यात संपायची. गाडी नव्हती.

तिथे दुकानं नव्हती असं नाही. वेगमन्स नावाचं मोठं सुपरमार्केट आहे. ग्रीनस्टार नावाचं सहकारी दुकान आहे, १९७१ पासून सभासदांच्या मालकीचं. आपल्याकडच्या ग्राहक भांडारासारखंच, फक्त सेंद्रिय मालाचं. पण भावाला आणि त्याच्या मित्रांना हवं होतं ते ट्रेडर जोज. सुका मेवा, तेल, गोठवलेली पालक-पनीर, नान, सगळं त्यांच्या खिशाला परवडणारं. त्याची सर्वांत जवळची शाखा सिराक्यूजला, तासाभराच्या रस्त्यावर. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी गाडीत पाच जण दाटीवाटीनं बसून जायचे.

या दुकानाची गोष्ट भावानं सांगितली, ती मला फार आवडली. जो कूलोम्ब नावाच्या माणसानं १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावात पहिलं दुकान उघडलं. त्यानं हेरलं होतं की अमेरिकेत कॉलेजात शिकलेल्यांची संख्या वाढते आहे. या लोकांना जगभरची चव हवी असते, पण त्यांच्या हातात पैसा कमी असतो. म्हणून त्यानं दुकान काढलं ते जास्त शिकलेल्या आणि कमी पगाराच्या माणसांसाठी. मी बी.एड. आहे, दोन भाषा शिकवते, आणि पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कसाबसा पुरतो. मी म्हटलं, "अरे, हे तर माझं दुकान!"

पुढे १९७९ मध्ये त्यानं ते जर्मनीतल्या आल्डीवाल्या आल्ब्रेख्त घराण्याला विकलं. आज देशभर पाचशेच्या वर शाखा आहेत. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस-चाळीस हजार वस्तू असतात, इथे चारेक हजार, आणि त्यातल्या बहुतेक स्वतःच्या नावानं विकलेल्या. आणि "आमच्या गावात या" असं सांगायला त्यांच्या वेबसाइटवर खरोखरच एक फॉर्म आहे.

मग इतकी शिकलेली माणसं असलेल्या इथाकात ते का येत नव्हतं? भावानं समजावलं. असं साखळी दुकान नवी जागा निवडताना आसपास किती लोक राहतात, किती शिकलेले आहेत, कमावतात किती, गोदामातून ट्रक किती वेळात पोचेल, हे सगळं पाहतं. इथाकातून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही. त्यात कॉलेजच्या गावाची वेगळीच अडचण. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं उत्पन्न कागदावर नगण्य, त्यामुळे अख्खं गाव गरीब दिसतं. अमेरिकेच्या जनगणना खात्यानंच असे विद्यार्थी वगळून हिशोब करून पाहिला, तर अशा गावांचा गरिबीचा आकडा बराच खाली आला. शिवाय उन्हाळ्यात पोरं घरी जातात, गाव ओस पडतं. म्हणजे माणसं खरी, भूक खरी, पण मोजदादीत ती नीट दिसत नाहीत.

ही मोजदाद मला नवी नव्हती. आमच्या शाळेत तीस सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर संचमान्यता होते आणि शिक्षकांची पदं ठरतात. दोन मुलं कमी पडली की एक शिक्षक अतिरिक्त. म्हणून तर मी ती यादी घेऊन बसले होते. उर्दू शाळा बंद पडते ती एका दिवसात नाही. आधी पट घटतो, मग पद जातं, मग पालक म्हणतात, "तिथे शिक्षकच नाहीत, मुलाला कशाला घालायचं?"

"मग भरता ना फॉर्म?" भावानं विचारलं. "गावाचं नाव इथाका टाका. इथले सगळेच आपापल्या घरच्यांना सांगतायत."

मी नाही म्हटलं.

त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "आपा, एका नावानं काय होतं?" आणि मग हळू आवाजात, "हिला बर्फातून दोन पिशव्या घेऊन बसची वाट बघावी लागते. सातवा महिना लागेल तेव्हा पुन्हा बर्फच असेल."

भावजयीला दिवस गेल्याचं मला असं कळलं. माझा जीव गलबलला. भरायला दोन मिनिटं लागली असती. पण २०११ चा ऑक्टोबर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटांना शाई लावली होती. कितीतरी शाळांच्या पटावर नसलेली मुलं निघाली. त्या खोट्या नावांची किंमत पुढे खऱ्या शाळांनीही चुकवली. आमचा पट खरा होता, तरी वर्षभर आमच्याकडे संशयानं पाहिलं गेलं. खोटं नाव टाकलं की खऱ्या नावाचं वजन कमी होतं, हे मी तेव्हा शिकले.

मी त्याला एवढंच विचारलं, "तुम्ही खरे किती जण आहात तिथे?"

त्याला सांगता येईना. जुम्म्याला दिसणारे चेहरे, बस. मग त्यानं आणि दोन-तीन मित्रांनी घरं मोजली. महिन्याला किती पीठ, किती डाळ, किती गोश्त लागतं ते लिहून काढलं. त्यात त्याला एक गंमत सापडली. कॉर्नेलमधूनच शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सणांचं कॅलेंडर निघतं. रमजान कधी, बकरी ईद कधी, कोणत्या सणाला कोणत्या वयाचं आणि वजनाचं जनावर खपतं, सगळं त्यात असतं. म्हणजे साखळी दुकानाच्या हिशोबात न दिसणारी माणसं तिथल्या शेळीपालकांच्या हिशोबात होती! त्यांनी अशाच एका शेळीपालकाशी बोलून एकत्र खरेदी सुरू केली. ज्याच्याकडे गाडी तो आणायचा, बाकीचे वाटून घ्यायचे. त्या हिवाळ्यात भावजयीला बस थांब्यावर उभं राहावं लागलं नाही.

फॉर्म त्यांनीही भरले, पण तिथे राहणाऱ्यांच्याच नावानं. काही वर्षांनी इथाकात ट्रेडर जोज आलं. फॉर्ममुळे आलं की दुसऱ्या कशामुळे, हे कंपनीलाच ठाऊक. तोपर्यंत भावाचं संशोधन संपून तो दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला होता. कॉलेजच्या गावात असंच होतं. मागणारे निघून जातात, दुकान पुढच्यांना मिळतं.

दुकान उघडलं तेव्हा एका जुन्या मित्रानं त्याला फोटो पाठवला, त्यानं तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "आपा, तुमचं नाव नव्हतं, तरी आलं."

आमच्या शाळेचं मात्र तसं झालं नाही. त्या सप्टेंबरला पट तीन मुलांनी कमी पडला. माझ्याबरोबर अकरा वर्षं शिकवणाऱ्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत गेल्या. त्या पहाटे उठून दोन बस बदलतात. त्यांच्यासमोर मला आजही वाटतं, तीन नावंच तर हवी होती. पण ती तीन मुलं आमच्या मोहल्ल्यात होती, खरी होती, आणि मी त्यांच्या दारापर्यंत पोचले नव्हते.

म्हणून हल्ली मी जूनची वाट बघत नाही. एप्रिलमध्येच यादी काढते.