भीतीची वाटणी

ऊसतोड सुरू झाली की नगर-मनमाड रस्त्याची कड सायकलवाल्याची राहत नाही. शिर्डीच्या आणि शनिशिंगणापूरच्या गाड्या, लांब पल्ल्याचे ट्रक, आणि त्यांच्यामधून डुलत चाललेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या. कांड्या बाहेर आलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. साइडपट्टी डांबरापासून वीतभर खाली. राहुरीत राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दिवस कलताना एका ट्रॉलीनं हूल दिली आणि त्या वीतभरात मी आडवा झालो.

हाड जुळलं. सायकल मात्र पडवीत धूळ खात राहिली. चेन गंजली, टायर बसले. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की पायी चालतानाही मी रस्ता सोडून मातीत उतरायचो. “पुरे झालं आता, गाडी घेऊन जात जा,” असं आई म्हणायची आणि मला ते सोयीचं वाटायचं.

शेवटी सायकल दुकानात नेली. मिस्त्रीनं चाक उलटं टांगून फिरवलं, कुठे घासतंय ते पाहिलं, चावीनं एकेक तार आवळत आऊट काढला. पुन्हा फिरवलं. रिम ब्रेकच्या रबरांमधून न लागता गेली. “सायकलीत आता काही नाही, सर,” तो म्हणाला. उरलं ते माझ्यात होतं.

सुरुवात कृषी विद्यापीठाच्या आवारात केली. तिथल्या आतल्या रस्त्यांवर सकाळी वर्दळ कमी असते. तरी वळण आलं की कोपर ताठ व्हायचे, मुठी हँडलवर आवळल्या जायच्या आणि सायकल जास्तच डगमगायची. त्याला कारण आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळलं, तरच ती सावरते. चाकांच्या फिरण्यामुळे ती उभी राहते असं पुष्कळांना वाटतं. पण 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी तो परिणाम काढून टाकलेली, तरीही स्वतः तोल सांभाळणारी सायकल दाखवून दिली. घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो, म्हणजे सायकलीची सावरायची वाटच अडवतो. हे कळल्यावर मी बोटं सैल सोडायला शिकलो. नजरही चाकापुढच्या खड्ड्यावरून उचलून लांबच्या झाडांवर ठेवली. कारण खड्ड्याकडे टक लावली की चाक नेमकं तिकडेच जातं.

आवारात धीर आला, पण फाटकाबाहेर पडताच छाती पुन्हा धडधडली. भीती पुसली जात नाही, हे मानसशास्त्र जाणणारे सांगतातच. जुन्या आठवणीशेजारी ‘इथे काही होत नाही’ अशी नवी आठवण तयार होते, आणि ती बरीचशी त्या जागेपुरतीच असते. म्हणून प्रत्येक रस्ता नव्यानं सोडवावा लागला. आधी बारागाव नांदूरकडून मुळा धरणाचा, मग गावातल्या बाजाराचा, सगळ्यात शेवटी हमरस्त्याचा. धरणाच्या चढाला दम लागायचा, तेव्हा भ्यायला सवड नसायची. उतारावर ती पुरेपूर मिळायची.

या खटपटीत भीतीचे दोन वाटे झाले. ताठ कोपर, आवळलेल्या मुठी, आवाजानं दचकणं हा माझा वाटा. तो सवयीनं कमी झाला. दुसरा वाटा रस्त्याचा. अंधारात दिवा नसलेल्या ट्रॉलीला भ्यावंच. ते शहाणपण आहे आणि ते मी मोडायला गेलो नाही. हमरस्त्यावर मी आजही दिवसाउजेडीच जातो, मागे लाल दिवा लावून.

पडलेल्या माणसाला आपण “धीर धर, पुन्हा बस सायकलवर” एवढंच सांगतो. त्याच्या वाट्याचं तो करील. ट्रॉलीमालकांनी मागे दिवा आणि रिफ्लेक्टर लावावेत, कारखान्यांनी ते पाहूनच गाडी काट्यावर घ्यावी, आणि रस्ता करणाऱ्यांनी साइडपट्ट्या भरून डांबराच्या पातळीला आणाव्यात. गळीत हंगाम दरवर्षी येतो. त्याआधी एवढं करायला वेळ असतो.