खारदांडा ते विमानतळ : एका पेचकसाचा प्रवास

खार रोड स्थानकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता कापडाची दुकाने आणि नव्या उंच इमारती मागे टाकत हळूहळू अरुंद होतो आणि समुद्राच्या कडेला खारदांड्यात येऊन थांबतो. दक्षिणेला कार्टर रोडचा श्रीमंत किनारा, उत्तरेला जुहू आणि मध्ये हा जुना कोळीवाडा. बोळ इतके चिंचोळे की समोरून हातगाडी आली तर एकाने उंबऱ्यावर चढावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि दोरखंडांच्या, जाळ्यांच्या डागडुजीत दुपारी सरतात.

या किनाऱ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की पश्चिमेला उड्डाण करणारी विमाने जुहूच्या बाजूने समुद्रावर येताना दिसतात. विमानांची ओळख या भागाला जुनीच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन उतरले ते जुहूच्या मैदानावर. आजचा विमानतळ दांड्यापासून पाच-सहा किलोमीटरच. पहाटेची रिक्षा मिळाली तर चहा निवण्याआधी माणूस तेथे पोहोचतो. अंतर एवढे थोडे असल्यामुळेच की काय, दांड्याची माणसे विमानप्रवासाची तयारी बसच्या प्रवासासारखी करतात.

दांड्याच्या बाजारपेठेजवळ काटे-वजनांचे एक छोटे दुकान आहे. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम येऊ लागले, त्या धांदलीत आजोबांनी ते उघडले. भाजीवाल्याच्या तराजूपासून सोनाराच्या नाजूक काट्यापर्यंत सगळ्यांची दुरुस्ती तेथे होते. तराजूच्या दांडीच्या मध्यभागी पोलादाची एक बारीक धार असते आणि सारी दांडी तिच्यावर झुलते, हे गिऱ्हाइकांना सहसा ठाऊक नसते. ती धार बसवण्यासाठी आजोबांनी एक पेचकस, मुंबईच्या बाजारात ज्याला ‘डिसमिस’ म्हणतात तो, स्वतः घासून बेताचा करून घेतला होता. लाकडी मूठ, एकूण लांबी जेमतेम पाच इंच. पुढे तो वडिलांकडे आला आणि मग नातवाकडे. नातूही आता पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहेत.

नागपूरच्या इतवारीतील एका जुन्या सराफी पेढीचा काटा अडला, म्हणून ते पहाटेच्या विमानाने निघाले. बॅग भरताना त्यांनी सरळ विचार केला. मौल्यवान वस्तू जवळ ठेवावी, म्हणून पेचकस, चिमटा आणि छोटी पक्कड हातातल्या पिशवीत. जड वस्तू सामानात द्यावी, म्हणून मोबाइलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत. व्यवहाराच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. विमानाच्या नियमांच्या दृष्टीने नेमके उलटे.

आधी त्यांच्या नावाची घोषणा झाली. मोठी बॅग उघडून पॉवर बँक काढून घ्यावी लागली. ती हातात घेऊन ते तपासणीच्या रांगेत आले, तर पट्ट्याच्या पलीकडे पिशवी बाजूला काढलेली. जवानाने हिंदीत, पण आदबीने सांगितले की पेचकस आणि पक्कड आत नेता येणार नाही. मोठी बॅग एव्हाना पुढे गेली होती आणि सामान घेण्याची खिडकीही बंद झाली होती. बाहेर पोहोचवायला आलेले कोणी नव्हते. विमान सोडावे किंवा हत्यार सोडावे, एवढेच उरले. इतवारीतील पेढी उघडायची वेळ ठरलेली होती. पेचकस काचेच्या पेटीत पडला. तेथे आधीच कात्र्या, लायटर आणि एक पितळी अडकित्ता पडलेला होता. कुणा आजीच्या पानाच्या डब्यातला असावा.

असा प्रसंग घडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : “या पाच इंचांनी कोण विमान पळवणार?” प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवले गेले, तेव्हा अपहरणकर्त्यांजवळ खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब होता. मुलांच्या खेळण्यातली बंदूक आजही केबिनमध्ये चालत नाही, याचे नवल मग वाटत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने पळवली गेली, ती चाकू आणि खोकी कापण्याच्या पात्यांसारख्या छोट्या हत्यारांच्या धाकावर. त्याआधी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधील लॉकरबीवर फुटलेल्या विमानातला बॉम्ब रेडिओ-कॅसेट प्लेयरमध्ये दडवलेला होता. त्यात २७० माणसे गेली. प्रत्येक नियमाच्या तळाशी अशी एखादी तारीख असते. नियम माणूस ओळखत नाही. वस्तू काय करू शकते, एवढेच पाहतो. काटेवाला आणि अपहरणकर्ता त्याच्या लेखी एकाच रांगेत उभे असतात.

पॉवर बँकेचे कारण मात्र वेगळे. तेथे भीती माणसाच्या हाताची नाही, वस्तूचीच आहे. लिथियमची बॅटरी बिघडली की आपोआप तापते, पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. केबिनमध्ये धूर निघाला तर कर्मचारी धावू शकतात. पोटातल्या सामानात कोण पोहोचणार? म्हणून ती जवळच ठेवायची. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली आणि तपासात संशय वरच्या कप्प्यातील पॉवर बँकेवर गेला. म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यापेक्षाही ती नजरेसमोर असलेली बरी. साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची. बाजारात २०,००० एमएएच म्हणून मिळणारी बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची भरते. व्यापाऱ्याला हा गुणाकार अवघड नाही, पण वेष्टनावर तो ठळक छापलेला क्वचितच दिसतो.

खरी चीड येते ती नियमांच्या असमानतेने. अमेरिकेत सात इंचांपर्यंतचा पेचकस केबिनमध्ये नेता येतो. दांड्याच्या आजोबांचा पाच इंचांचा पेचकस तेथे बिनबोभाट गेला असता. आपल्याकडे श्रद्धेसाठी नियम थोडा वाकतो आणि ते योग्यच आहे. देशांतर्गत प्रवासात शीख बांधवांना ठरावीक मापाची कृपाण बाळगता येते. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या हंगामात इरुमुडीतील नारळ केबिनमध्ये नेण्याची तात्पुरती सवलत मिळाली. कारागिराच्या हत्यारासाठी अशी सवलत नाही. तशी गरजही फारशी नाही, कारण ते मोठ्या बॅगेतून खुशाल जाऊ शकते. अडचण एवढीच की ही गोष्ट त्याला बॅग हातातून गेल्यावर, शेवटच्या टेबलावर कळते. सामान घेणाऱ्या खिडकीवर घाईने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत ‘हातातल्या पिशवीत हत्यार आहे का?’ हाही एक असता, तर काचेच्या पेट्या निम्म्या रिकाम्या राहिल्या असत्या. जप्त वस्तू मोबदला घेऊन टपालाने घरी पाठवण्याची सोय परदेशांत काही ठिकाणी आहे. येथे का नसावी?

दांड्याच्या कोळी बांधवांना हे नवे नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी समुद्रमार्गे कुलाब्याला उतरले आणि त्यानंतर मच्छीमारांच्या खिशात बायोमेट्रिक ओळखपत्र आले, बोटींची नोंदणी आणि रंग ठरले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर गेले, त्याच पाण्यावर आता कागद दाखवून जायचे. त्यांच्यापैकी एकाने पेचकसाची हकिकत ऐकून घेतली आणि विचारले, “पावती तरी दिली का?” दिली नव्हती. मागायचेही सुचले नव्हते.

नागपूरला उतरताच त्या गृहस्थांनी इतवारीतून नवा पेचकस विकत घेतला. चांगल्या कंपनीचा, चुंबक बसवलेला. काट्याच्या खाचेत तो नीट बसेना. टोक जाड होते. पेढीच्या मालकांनी कानस मागवून दिली आणि दोघांनी मिळून अर्धा तास ते टोक घासले. काटा संध्याकाळपर्यंत बरोबर झाला.

परतीच्या वेळी पेचकस मोठ्या बॅगेत, पॉवर बँक खिशात. दांड्याच्या दुकानात हत्यारांच्या लाकडी फळीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच आजोबांनी कोरलेली आहे. नवा पेचकस जुन्याच्या खाचेत बसत नाही, म्हणून तो शेजारच्या खिळ्यावर लटकतो.