अणुभट्टी उतरवताना

अणुभट्टी बंद करणे आणि ती उतरवणे ही सामान्य माणसाला एकाच कामाची दोन नावे वाटतात. परंतु किरणोत्सर्गी कचऱ्याच्या बंदोबस्तात ज्यांची हयात गेली, त्या आम्हा मंडळींचे खरे काम भट्टी थंडावल्यानंतरच सुरू होते. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाला जोडल्या जाणाऱ्या ‘मेकॅनिझम’ या मॉडच्या रचनाकारांनी हा उपेक्षित उत्तरार्ध ज्या निष्ठेने हाताळला आहे, ती पाहून मला मनापासून आनंद झाला.

या मॉडमधील विखंडन-भट्टीच्या कचऱ्यापासून प्लुटोनियम किंवा पोलोनियम काढता येते, आणि त्या प्रक्रियेच्या अंती जो निःसत्त्व कचरा उरतो, तो पिंपांत साठवावा लागतो. कचरा आत असताना एखाद्या उतावळ्या खेळाडूने भट्टीचे कवच फोडले, तर शिल्लक साठ्याच्या प्रमाणात किरणोत्सर्ग परिसरात पसरतो. नळीच्या एखाद्या तुकड्यात अडकलेला अंशही या हिशेबातून सुटत नाही. म्हणून आधी इंधन थांबवावे, मग कचरा बाहेर काढावा, नळ्या रित्या कराव्यात, गायगर-गणक हाती धरून खात्री करून घ्यावी आणि त्यानंतरच कवचाला हात लावावा, हा क्रम खेळाडूच्या अंगवळणी पडतो. प्रत्यक्षातही पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी कोणता पदार्थ कोठे आहे आणि त्याची रवानगी कोठे व्हायची, याचे दफ्तर पूर्ण असावे लागते.

पिंपाचा हिशेब मात्र मला पटत नाही. त्यात ५,१२,००० मिलिबकेट (हे खेळातले माप) कचरा मावतो आणि मूळ मांडणीत तो दर सेकंदाला एक या ठरीव गतीने नाहीसा होतो. म्हणजे भरलेले पिंप सहा दिवसांच्या आत रिते. निसर्गात ऱ्हास शिल्लक साठ्याच्या प्रमाणात होतो. कोबाल्ट-६० निम्मा व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, सीझियम-१३७ ला तीस आणि निकेल-६३ ला सुमारे शंभर. विशेष म्हणजे हवेत पसरलेल्या किरणोत्सर्गासाठी याच मॉडने प्रमाणशीर घटीचा खरा नियम स्वीकारला आहे, मग पिंपाला तो का लागू करू नये?

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. खेळात रिकाम्या भट्टीच्या भिंती निर्दोष निघतात आणि पुन्हा वापरता येतात. वास्तवात वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेले पोलाद स्वतःच किरणोत्सर्गी बनते. म्हणूनच भट्टीचे अंतर्भाग पाण्याखाली, दूरनियंत्रित अवजारांनी कापावे लागतात, कारण पाणी तेथे संरक्षक भिंतीचे काम करते. अमेरिकेतील ‘मेन यांकी’ हे केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले, १९९७ मध्ये कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला आणि २००५ पर्यंत ते उतरवले गेले. इमारती गेल्या, पण तेथे ६४ अजस्र पिंपे उरली, ज्यांपैकी ६० मध्ये वापरलेले इंधन आहे, तर ४ मध्ये भट्टीच्या गर्भातून कापून काढलेले पोलाद. ही चार पिंपे खेळात कोठेच नाहीत.

रचनाकारांना माझी सूचना अशी आहे की, इंधनाशेजारच्या भिंतीच्या प्रत्येक ठोकळ्यावर जळलेल्या इंधनाच्या प्रमाणात किरणोत्सर्गाचा भार चढावा, आणि तो ठोकळा काढणाऱ्याला संरक्षक पोशाख अनिवार्य व्हावा. इंधन जळण्याचा वेग भट्टीच्या पडद्यावर आजही दिसतोच. त्याची खतावणी ठेवण्याची व्यवस्था तेवढी करावी लागेल.