पिंगळा

मराठींत पिंगळे दोन आहेत. एक, पहाटे कुडमुडें वाजवीत दारीं येणारा जोशी. दुसरा, झाडाच्या ढोलींत राहणारा, घुबडाच्या कुळांतला वीतभर पक्षी. दुसऱ्याची भाषा आपणांस कळते असें पहिला सांगतो, आणि आपण त्याच्या झोळींत पसाभर धान्य घालतों. पक्ष्याला मात्र दगड मारतों.

गेल्या डिसेंबरांत अमावास्येच्या रात्रीं आमचे कांहीं विद्यार्थी, त्यांचे पालक व शेजारीपाजारी असे आम्ही तीस-चाळीस जण दौलताबादच्या वाटेवरील एका शेतांत तारे पाहावयास व घुबडें ऐकावयास जमलों. एकीकडे देवगिरीचा काळाभोर डोंगर, दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरच्या दिव्यांची फिकट प्रभा, व तिच्यावरून वर येणारा मृग. कृत्तिका मोजतांना बहुतेकांच्या सहा भरल्या. एका मुलीच्या सात. त्यांचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें ४४० वर्षें लागतात. म्हणजे मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी गांव वसविलें, त्याच्याही आधीं तो निघालेला! हें ऐकून एक पालक म्हणाले, "म्हणजे आपण खापरपणजोबांना आलेलें पत्र वाचतों आहों." ईयोबाच्या ग्रंथांत कृत्तिका व मृग यांचा उल्लेख जोडीनें येतो, हें आम्ही सांगणार, तोंच विहिरीजवळच्या निंबावर पिंगळा कर्कश चिरचिरला.

एका विद्यार्थ्याची आजी ताडकन् उठली व तिनें नातवाचें मनगट धरलें. "मागें आमच्या आढ्यावर हा ओरडला, आणि तिसऱ्या दिवशीं याचे आजोबा गेले," ती म्हणाली.

कोणी बोलेना. दुःखितापुढें सृष्टिविज्ञानाचा पाठ घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. लेवीयाच्या पुस्तकांत घुबडाला अशुद्ध म्हटलें आहे खरें. पण तें खाण्यापुरतें! त्याच्या ओरडण्यानें मरण येतें असें तेथें कोठेंही नाहीं. हेंही आम्ही मनांतच ठेविलें.

शेताचा मालक मात्र म्हणाला, "आजी, हा माझ्या बापाच्या वेळेपासून या निंबावर आहे. रोज ओरडतो. रोज किडे अन् उंदीर खातो. याच्यानें माणूस मरत असता, तर आमच्या घरीं दिवा लावायला कोण उरलें असतें?"

आजी बसली, पण मनगट सोडलें नाहीं. इतक्यांत एक पांढरट गव्हाणी घुबड आमच्या डोक्यांवरून गेलें. पंखांचा किंचितही आवाज नाहीं. त्याच्या पिसांच्या कडेला फणीसारखे बारीक दांते असतात. त्यांनीं वारा चिरला जातो व आवाज दबतो. मुलांनीं श्वास रोखून धरले होते.

मग नातवानेंच तिला रानपिंगळ्याची हकीकत सांगितली. १८८४ नंतर तो पुन्हा खात्रीनें कोणास आढळला नव्हता. नामशेषच झाला असें मानीत. अखेर १९९७ सालीं शोधीत आलेल्या परदेशी पक्षिशास्त्रज्ञांना तो सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहाद्याजवळ सांपडला.

"याला शोधायला माणसें समुद्रापलीकडून आलीं?" आजीनें विचारलें.

"हो."

ती बराच वेळ निंबाकडे पाहत राहिली. पिंगळा पुन्हा ओरडला. या वेळीं ती उठली नाहीं, शालीचें टोंक नातवाच्या कानांवरून नीट घेऊन तिनें विचारलें, "आणि तो मृग कोणता म्हणालास?"